मॅकडोनाल्ड्सचे संस्थापक कोण : रे क्रॉक की ते दोन भाऊ?

पोहे_जिरावण (इंदूर)

नमस्कार मंडळी. इंदूरला रामबागेत आमचे आजोबांच्या काळापासूनचे फराळाचे दुकान आहे. सकाळी वाफेवरचे पोहे आणि जिलेबी, संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, एवढाच पसारा. गेल्या वर्षी चुलत भावाने देवासला आमच्याच नावाने दुसरे दुकान काढले. काकूच्या हातच्या जिरावणाऐवजी (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) तिथे बाजारचे पुडे फुटू लागले, आणि देवासची गिऱ्हाइके त्याची तक्रार आमच्या गल्ल्यावर येऊन करू लागली.

या निमित्ताने रे क्रॉक यांच्याविषयी बरेच वाचले. 1902 चा जन्म. ऐन उमेदीची वर्षे कागदी पेले विकण्यात गेली, पुढे मिल्कशेक घुसळणारे मल्टिमिक्सर नावाचे यंत्र विकले. 1954 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सान बर्नार्डिनोला गेले ते एकाच दुकानाला आठ यंत्रे कशाला लागतात हे पाहायला. तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. मोजकेच पदार्थ, 15 सेंटचा हॅम्बर्गर, झटपट वाढण्याची पद्धत, हे सगळे मॅकडोनाल्ड बंधूंनी 1948 मध्येच बसवलेले होते. मग क्रॉक यांनी स्थापन केले ते नेमके काय? आणि शेकडो मैलांवरच्या माणसाला त्यांनी एका चवीला कसे बांधून ठेवले?

जमाखर्च

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्वयंपाकघरात नाही, भाडेपट्ट्यात आहे. सुरुवातीच्या करारात दुकान घेणाऱ्याकडून एकदाच 950 डॉलर आणि पुढे विक्रीच्या 1.9 टक्के एवढेच घ्यायचे होते, आणि त्यातलाही अर्धा टक्का बंधूंना जाई. वर्षाला दोन लाखांची विक्री करणाऱ्या दुकानामागे क्रॉक यांच्या हाती 2,800 डॉलर उरत. त्यात जागा शोधायची, माणसे शिकवायची आणि देखरेखही करायची. ते जमणे शक्यच नव्हते.

1956 मध्ये हॅरी सोनेबॉर्न या त्यांच्या सहकाऱ्याने तोड काढली : कंपनीने जागा स्वतः भाड्याने घ्यायची आणि दुकानदाराला पोटभाड्याने द्यायची, भाडे म्हणून ठरलेली किमान रक्कम किंवा विक्रीचे 5 टक्के, यांतले जे जास्त असेल ते. उत्पन्न तर वाढलेच, पण खरी मेख वेगळी आहे. नियम मोडणारा दुकानदार आता परवान्याबरोबर जागेलाही मुकणार होता. शिवाय क्रॉक एका वेळी एकच दुकान देत, आख्खा जिल्हा कोणाला तोडून देत नसत. पहिले नीट चालवले तरच दुसरे. आपल्या चुलत भावाने देवासची जागा कोणाच्या नावावर घेतली आहे?

तवा_आणि_झारा (वडोदरा)

जमाखर्च यांचे म्हणणे मान्य, पण केवळ भाड्याच्या धाकाने चव टिकत नाही. आधी चव कशामुळे येते हे कळावे लागते, आणि ते खुद्द बंधूंनाही पुरते ठाऊक नव्हते. क्रॉक यांनी 15 एप्रिल 1955 रोजी इलिनॉयमधल्या डेस प्लेन्सला पहिले दुकान उघडले, बटाटे तळण्याची कृती बंधूंच्या दुकानातून बारकाईने टिपून आणली होती, आणि तरीही फ्राइज गिळगिळीत होऊ लागल्या. बऱ्याच चौकशीनंतर उलगडा झाला. सान बर्नार्डिनोला बटाटे जाळीच्या पेट्यांत सावलीला ठेवलेले असत, वाळवंटी वारा त्यांना लागे, आणि त्या मुरण्यात बटाट्यातल्या साखरेचा स्टार्च होई. क्रॉक यांनी मात्र ते तळघरात रचले होते. शेवटी तळघरात पंखा लावून बटाट्यांना वारा देण्याची सोय केली. (आमची आई वेफर्ससाठी शीतगृहातला बटाटा घेत नाही, तळताना तांबडा पडतो म्हणते; कारण हेच.)

पुढे डेस प्लेन्सच्या दुकानात तव्यापासून काम शिकलेल्या फ्रेड टर्नर यांनी 1958 मध्ये 75 पानांची नियमपुस्तिका तयार केली. एक पौंड मांसाच्या बरोबर दहा टिक्क्या, एवढे काटेकोर माप. काकूंचे जिरावण वजनाने लिहून काढले आहे का? "चिमूटभर" देवासला पोचेपर्यंत कोणाच्या चिमटीतले होईल, सांगता येत नाही.

जुना_सराफा

क्रॉक यांचे कौतुक चालले आहे, चालू द्या. पण पहिला प्रश्न तसाच राहिला. माझ्या मते संस्थापक बंधूच. टेनिस कोर्टवर खडूने स्वयंपाकघराचा आराखडा आखून, कामगारांना त्यात फिरवून, एकाची वाट दुसऱ्याला आडवी येणार नाही अशी रचना बसवणारे रिचर्ड आणि मॉरिस होते. मात्र नाव देण्याच्या बाबतीत दोघेही ढिले. ज्या कुक काउंटीत डेस प्लेन्स येते, तिथले हक्क त्यांनी आधीच एका आइस्क्रीम कंपनीला 5,000 डॉलरला देऊन टाकले होते. ते सोडवायला क्रॉक यांना 25,000 मोजावे लागले.

1961 मध्ये बंधूंनी 27 लाख डॉलर घेऊन नावासकट सगळे हक्क विकले. मूळ दुकान त्यांच्याकडेच राहिले, पण नाव गेल्याने पाटी बदलून "द बिग एम" करावी लागली. क्रॉक यांनी त्याच्याच शेजारी मॅकडोनाल्ड्स उघडले, आणि ज्या दुकानापासून हे सगळे सुरू झाले ते काही वर्षांत बंद पडले. उद्योजक म्हणून क्रॉक थोर असतील. संस्थापक हा शब्द त्यांच्यासाठी वापरायला मात्र माझी लेखणी धजत नाही.

पोहे_जिरावण (इंदूर)

सर्वांचे आभार. काकूला काल तराजूपुढे बसवले. चार वेळा केलेल्या जिरावणात काळे मीठ चारही वेळा वेगळे भरले, आणि चव मात्र तीच! लिहायचे कोणते, यावर घरात वाद चालू आहे. जमाखर्च, आपल्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही, म्हणून भावाला फोन केला. भाडेकरारावर त्याच्या सासऱ्यांची सही आहे.