नाणे विकत घ्यायचे की डबीवरचा आकडा?

भिंगधारी: ‘स्लॅबमध्ये बंद नसलेला मॉर्गन डॉलर घेणारा माणूस संग्राहक नव्हे, जुगारी होय,’ हे काल येथे लिहिलेले वाक्य वाचून गप्प बसवले नाही. (मॉर्गन म्हणजे अमेरिकेचा जुना चांदीचा डॉलर; स्लॅब म्हणजे तपासणी कंपनी नाणे पारखून, त्याच्या प्रतीचा आकडा देऊन ज्यात बंद करते ती प्लास्टिकची डबी.) न्यू जर्सीत राहून मी 22 वर्षे ही नाणी जमवतो आहे, आणि या छंदातील मला सर्वांत प्रिय असलेली गोष्ट, म्हणजे नाणे हातात घेऊन स्वतःच्या डोळ्यांनी पारखणे, त्या एका वाक्याने निकालात काढली आहे.

सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचा 1893 चा डॉलर घ्या. अशी केवळ 1,00,000 नाणी पाडली गेली, त्यामुळे झिजलेल्या नाण्यालाही हजारो डॉलर मोजावे लागतात. म्हणूनच फिलाडेल्फियाच्या नाण्यावर सॅन फ्रान्सिस्कोची खूण असलेला ‘एस’ डकवून किंवा 1898 मधील शेवटच्या आठाचा तीन करून केलेली बनावट नाणी फिरत असतात. परंतु त्या नाण्यांच्या दर्शनी बाजूसाठी एकच साचा वापरला गेला होता आणि त्यामुळे ‘लिबर्टी’ या शब्दातील ‘टी’च्या माथ्यावर एक बारीक, तिरकी, उठावदार रेघ आढळते. टांकसाळीची खूण मागे आणि तिचा पुरावा पुढे! ती रेघ भिंगातून प्रथम दिसली तेव्हा मला जे समाधान मिळाले, ते डबीवरच्या कोणत्याही आकड्याने दिलेले नाही.

सेंटवाला: ते वाक्य माझे आहे आणि मी ते मागे घेणार नाही. आपल्याकडे 22 वर्षांची नजर आहे. नवख्याने ती कोठून आणावी? मी जुन्या वस्तूंच्या बाजारातून 1909 चा ‘एस व्हीडीबी’ सेंट घेतला होता (‘व्हीडीबी’ ही रचनाकाराची आद्याक्षरे). खरे नाणे 4,84,000 च पाडले गेले, तर त्याच वर्षीचे फिलाडेल्फियाचे ‘व्हीडीबी’ सुमारे 2 कोटी 80 लाख आहेत. माझ्या हाती त्यांपैकीच एक होते, त्यावर ‘एस’ चिकटवलेला होता, आणि एका महिन्याची बचत गेली. नकलेवर तशी खूण असावी हा कायदा 1973 पासून आहे, पण फसवणारा तो पाळत नाही.

किमतीचेही तेच. 1884 चा सॅन फ्रान्सिस्कोचा डॉलर वापरलेल्या अवस्थेत स्वस्तात मिळतो, न वापरलेला मात्र कितीतरी पट महागात जातो. दोहोंमधील किंचित झीज आपण एकटे ठरवणार आणि समोरचा ते मान्य करणार?

रत्नागिरीची नात: नाणी तपासून आकडा देणाऱ्या या कंपन्यांबद्दल मलाही बोलायचे आहे. माझे आजोबा बोटीवर खलाशी होते. 1964 पूर्वी अमेरिकेतील बँकेत कागदी डॉलर देऊन चांदीचा डॉलर घेता येत असे. तसे पाच मॉर्गन त्यांनी आणले. आत्या दर दिवाळीला देवाच्या भांड्यांबरोबर ते चिंच लावून घासत असे. गेल्या वर्षी मी त्यांतील चार एका कंपनीकडे पाठवले. चारही ‘साफ केलेले’ असा शेरा मारून, आकडा न देता परत आले, आणि शुल्क मात्र पूर्ण घेतले गेले. साठ वर्षे जपलेली वस्तू अशी नाकारली जाते, हा कोणता न्याय?

भिंगधारी: ताई, शेरा बरोबर आहे. साच्याच्या दाबाखाली धातू बाहेरच्या दिशेने सरकताना पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात आणि नाणे तिरपे फिरवले की त्यांच्यावरूनच झळाळी चाकासारखी फिरते. आम्लाने आणि घासण्याने त्या रेषा जातात व पुन्हा येत नाहीत. आपल्या आत्याबाईंनी ती नाणी मारली, हे स्पष्ट सांगणे मला भाग आहे.

रत्नागिरीची नात: मारली? आपण त्या बाईला ओळखत नाही. आजोबा समुद्रावर असताना त्या नाण्यांना तिने देव्हाऱ्यात जागा दिली. ती विकून घरात धान्य आणता आले असते, तरी विकली नाहीत. आपल्या भिंगात हे दिसत नसेल तर दोष भिंगाचा आहे.

सेंटवाला: भिंगधारींचे धातूबद्दलचे म्हणणे खरे आहे, आणि तरीही तो शब्द त्यांनी मागे घ्यावा. माझ्या बाजूने एवढे मान्य करतो की आकडा म्हणजे अंतिम निकाल नव्हे. तसा असता तर स्लॅबमधील नाणी पुन्हा तपासून त्यांवर हिरवे स्टिकर लावणारी संस्था 2007 मध्ये निघाली नसती. पण नवख्याने आधी स्लॅब घ्यावा, हे माझे मत कायम आहे.

भिंगधारी: शब्द मागे घेतो. माहिती नव्हे. ताई, पाचवे नाणे कोठे आहे?

रत्नागिरीची नात: ते आजोबांच्या पेटीत तळाशी राहिले होते, त्यामुळे आत्याच्या हाती कधी लागले नाही. कडेने निळसर-काळे झाले आहे. मी ते मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवले आहे.

भिंगधारी: पाकिटातून आजच काढा. त्या प्लास्टिकमधून सुटणारा हिरवट चिकटा चांदी खातो. तसा तो दिसला तर शुद्ध अॅसिटोनमध्ये बुडवून काढा. घासू नका, पुसू नका, आणि ती निळसर कड जशी आहे तशीच राहू द्या. मग दोन्ही बाजूंची छायाचित्रे येथे टाका.