मदत हवी आहे : विद्यार्थ्यांच्या विरोधामुळे स्थगित झालेले व्याख्यान पुन्हा कसे घ्यावे?

नमस्कार. मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी वरिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतो. १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनानिमित्त आम्ही एका अभ्यासकांना बोलावले होते. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकार या सशस्त्र संघटनेचे अत्याचार आणि हैदराबाद संस्थान भारतात आणणाऱ्या १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर मुस्लिम वस्त्यांवर झालेले हल्ले, अशा दोन्ही गोष्टींवर ते बोलणार होते. या हल्ल्यांची चौकशी भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्याच वर्षाच्या अखेरीस केली होती आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद व नांदेड यांचा उल्लेख केला होता. म्हणजे विषय आमच्या अंगणातलाच आहे.

पत्रिका फळ्यावर लागताच काही विद्यार्थ्यांनी ‘हुतात्म्यांचा अपमान’ म्हणून व्याख्यान रद्द करण्याचे निवेदन दिले, तर दुसऱ्या दिवशी ते व्हावे म्हणून दुसरे निवेदन आले. प्राचार्यांनी दोन्हींवर आवक क्रमांक टाकला आणि ‘पुढील सूचनेपर्यंत स्थगित’ अशी नोटीस काढली.

विरोध करणाऱ्यांत ज्याचे पणजोबा निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पात होते, असा माझा एक गुणी विद्यार्थी आहे. त्याचा राग मला खोटा वाटत नाही. पण त्याच वर्गातली तृतीय वर्षाची मुलगी तास संपल्यावर थांबली, वहीची कड दुमडत राहिली आणि म्हणाली, “सर, पणजीनं सांगितलेलं मी वर्गात कधीच विचारायचं नाही का?” मला उत्तर देता आले नाही.

निदर्शनांच्या धमकीमुळे अभिव्यक्ती दडपता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एस. रंगराजन खटल्यात १९८९ साली म्हटले आहे, हे मी प्राचार्यांना दाखवले. त्यांचे म्हणणे एवढेच, की दगड पडला तर जबाबदार कोण. संस्थाचालक त्याच व्यासपीठावर विरोधी वक्ता बसवा म्हणतात. मला ते पटत नाही, कारण मग व्याख्यानाचा फड होतो आणि मुले ऐकायला नव्हे, बाजू घ्यायला येतात. त्याऐवजी व्याख्यानाइतकाच वेळ प्रश्नांना द्यावा, पहिला प्रश्न विरोधकांचा असावा आणि काळ्या फिती लावून सभागृहात बसण्यास मुभा असावी, असे मला वाटते.

आपल्यापैकी कोणी असा कार्यक्रम पार पाडला आहे का? पोलीस ठाण्याला पत्र केवळ माहितीसाठी द्यावे की बंदोबस्त मागावा? आणि निवेदन देणाऱ्या मुलांशी आधी बैठक घेतली असल्यास ती प्राचार्यांच्या दालनात घेतली की वर्गात, हेही कृपया सांगावे.