पुण्याजवळ ऑफ-रोडचा सराव कुठे करता येईल? (एक्सपल्स, स्पितीची तयारी)

धायरीकर

नमस्कार मंडळी,

सहा महिन्यांपूर्वी एक्सपल्स २०० ४व्ही (हिरोची कच्च्या रस्त्यांवरही चालणारी मोटरसायकल) घेतली. रोज धायरी ते हिंजवडी जाऊन-येऊन असतो, डांबरावर काही अडचण नाही. पुढच्या सप्टेंबरात आम्ही तिघे हिमाचलमधल्या स्पितीला निघतोय, परतीला लोसर, कुंझुम, बातल, ग्राम्फू असा रस्ता ठरलाय.

मागच्या रविवारी रस्त्याचं काम चालू होतं तिथे सुट्या खडीत पुढचं चाक सरकलं आणि पडलो. वेग वीससुद्धा नसेल. घाबरून पुढचा ब्रेक दाबला, एवढंच आठवतं. गाडी उभी करायला दोन माणसं धावून आली. लागलं फारसं नाही, पण तेव्हापासून खडी दिसली की हात आखडतात. हे घेऊन मला स्पितीला जायचं नाही.

घरापासून तास-दीड तासात, कुणाला त्रास न होता आणि कायद्यात बसेल अशी सरावाची जागा सुचवा. टेकड्या नकोत. मी रोज सकाळी टेकडीवर चालायला जातो, तिथे गाड्यांनी पाडलेल्या चऱ्या बघून वाईट वाटतं.

रानवाट

खडीत पडल्यावर सगळे लांबच्या कच्च्या रस्त्याला निघतात. तुम्ही तसं करू नका. आधी सपाट मोकळी जागा शोधा, तीसेक मीटर लांब आणि तेवढीच रुंद, खाली मुरूम असलेली. गावाकडे कुणाचं पडीक रान असेल तर मालकाला विचारून जा. जत्रेचं मैदान असेल तर ग्रामपंचायतीत विचारा. मी स्वतः पहिले दोन महिने सासवडच्या बाजूला एका ओळखीच्या माणसाच्या रानात काढले. जेवढं तिथे शिकलो तेवढं नंतरच्या कुठल्याही लांब राइडवर शिकलो नाही.

करायचं काय, तर फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभं राहायचं, गुडघ्यांनी टाकी धरायची, हात सैल. पहिल्या गिअरमध्ये, हाफ क्लचवर, माणूस चालतो त्या वेगाने इंग्रजी आठचा आकडा. नजर पुढच्या चाकावर नाही, जिथे जायचंय तिथे. पहिल्या दिवशी पाचदा पाय टेकेल, टेकू द्या.

मग ब्रेक. तुमच्या गाडीला एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) फक्त पुढे आहे, मागचं चाक लॉक होतं. तेच मुद्दाम करून बघा: सरळ रेषेत वीसच्या वेगाने या, क्लच दाबा, मागचा ब्रेक पूर्ण दाबून चाक घसरू द्या. पंधरा-वीस वेळा केलं की मागचं चाक सरकण्याची भीती जाते. पुढचा ब्रेक त्यानंतर, दोन बोटांनी, हळूहळू दाब वाढवत, आणि हॅंडल सरळ असतानाच. तुम्ही पडलात ते बहुतेक हॅंडल थोडं वळलेलं असताना दाबल्यामुळे. चाकाला वळायचंही होतं आणि थांबायचंही, सुट्या खडीत दोन्हीला पुरेल एवढी पकड नसते.

हे जमलं की पाणंद रस्ते, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या कच्च्या वाटा. पुरंदर, दौंड, शिरूर, कुठल्याही तालुक्यात गावामागून शिवारात जाणारी पाणंद सापडते. एकाच पाणंदीत मुरूम, फुफाटा, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, ओढ्याची उतरण, सगळं मिळतं. वहिवाटीचा रस्ता असल्याने कुणाच्या रानात घुसावं लागत नाही. फक्त समोरून बैलगाडी किंवा उसाचा ट्रॅक्टर आला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. बैल बुजतात.

उंची पाच फूट एक

रानवाट यांना +१. दादा, मी एक भर घालते: गाडी उचलायला शिकल्याशिवाय कुठेच जाऊ नका.

माझी उंची पाच फूट एक आणि सीट ८२५ मिलिमीटर, त्यामुळे पडणं नेहमीचंच. माहेरी दौंड तालुक्यात, अंगणात जुन्या गाद्या टाकून आम्ही दोघी बहिणींनी गाडी मुद्दाम आडवी करून उचलायचा सराव केला. आधी किल स्विच, म्हणजे हॅंडलवरचं इंजिन बंद करायचं बटण. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टॅंड आधीच उघडा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे कलंडते. डाव्या अंगावर असेल तर स्टॅंड खाली दबलेला असतो, म्हणून गिअरमध्ये टाका. हॅंडल जमिनीकडच्या बाजूला पूर्ण वळवायचं, गाडीकडे पाठ करून बसायचं, कंबर सीटला टेकवायची. एका हाताने हॅंडलची खालची मूठ, दुसऱ्याने मागचं कॅरिअर. मग छोटी छोटी पावलं मागे टाकत जायचं. जोर मांड्यांचा, पाठ वाकवायची नाही. दीडशे किलोच्या वरची गाडी मी एकटी उभी करते.

आणि घोट्याच्या वर येणारे कडक बूट घ्या. माझा पाय साध्या बुटात गाडीखाली अडकला होता, सहा आठवडे घरी बसले.

माळावरचा

मी सुप्याच्या बाजूचा शेतकरी. पुण्याहून येणाऱ्या गाडीवाल्यांना एक विनंती आहे, राग मानू नका.

आमच्याकडचं माळरान तुम्हाला ओसाड दिसतं. ते ओसाड नाही. मयूरेश्वर अभयारण्य इथेच आहे, जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं, आणि चिंकारा काही अभयारण्याची हद्द बघून चरत नाही. लांडगा आहे, खोकड आहे. चंडोल, धाविक जमिनीवरच अंडी घालतात, गवताच्या बुडाशी. तुम्ही चाकाखाली घेतलं तरी कळणार नाही. धनगरांच्या मेंढ्या त्याच गवतावर जगतात. आणि एकदा चाकांनी गवत उपटलं की पुढच्या पावसात तिथे ओघळ पडतो. माझ्या बांधावरून दिसणाऱ्या उतारावर असे चार ओघळ आहेत, दोन वर्षांपूर्वी एकही नव्हता. यातला बराच भाग वनखात्याचा आहे, राखीव वनात असं घुसणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे.

धायरीकर, तुम्ही विचारून जागा मागताय म्हणून सांगतो. माझं दीड एकर मुरमाड रान पाण्याअभावी पडीक आहे. तिथे या. व्यक्तिगत संदेश करा, पत्ता देतो. मार्च-एप्रिलमध्ये शेजारचं रान नांगरून तापायला टाकतो, तेही बघा. मऊ जमिनीत चाक कसं बसतं ते तिथे कळेल.

सह्यवाट

माळावरचा, मनापासून आभार. हे कुणीतरी सांगायला हवंच होतं.

कुठे जाऊ नये त्यात माझे तीन मुद्दे. वाळूच्या सरावासाठी कोकणात किनाऱ्यावर गाडी घालू नका. वेळास, आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, तीही नेमकी आपल्या हिवाळी राइडच्या महिन्यांत. भीमेच्या पात्रातही नको, वाळूउपशाचे खड्डे वरून दिसत नाहीत. धरणाचं पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी जमीन टणक दिसते, पण वरची खपली फुटली की खाली गाळ, आणि तिथे लोकांची गाळपेर (ओसरलेल्या गाळात केलेली पेरणी) असते.

स्पितीसाठी पाण्याचा सराव मात्र हवाच. ओढा आधी पायी चालून बघा, तळाला गोटे आहेत की चिखल ते पायाला कळतं. मग पहिला गिअर, एकसारखा थ्रॉटल, नजर पलीकडच्या काठावर. मध्ये क्लच दाबला की संपलं. तिकडचे नाले बर्फ वितळून येतात, दुपारनंतर चढतात. बातलहून पहाटेच निघा.

टायरची हवा मातीत २० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास ठेवा, त्याहून कमी नको, ट्यूब दगडावर चिमटते. छोटा पंप जवळ बाळगा.

घाटमाथा

खर्चाची तयारी असेल तर एखादा शिकवणी वर्ग कराच. कर्नाटकात कोलारजवळ बिग रॉक डर्टपार्क आहे, सी. एस. संतोष यांचं. २०१५ मध्ये डकार रॅली (वाळवंटातून जाणारी लांब पल्ल्याची शर्यत) पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. मी तिथे दोन दिवस शिकलो. माझी उभं राहण्याची पद्धतच चुकीची होती, ढुंगण मागे आणि हात ताठ, हे चार वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. तेवढं लांब नको असेल तर निदान मित्राला मोबाइलवर चित्रण करायला सांगा आणि घरी बघा.

धायरीकर

सगळ्यांचे आभार. तीन रविवार झाले, माळावरचा यांच्या रानात जातोय. पहिल्या दिवशी आठचा आकडा एकदाही पूर्ण झाला नाही, काल सलग सहा झाले. मागचं चाक घसरलं तर आता पोटात गोळा येत नाही. पुढच्या ब्रेकवर अजून बोटं घट्ट होतात, त्यावर काम चालू आहे. ताईंनी सांगितल्याप्रमाणे गाडी एकट्याने उचलली, दोनदा. पैसे देऊ केले तर दादांनी घेतले नाहीत, मग येताना पेंडीचं एक पोतं घेऊन गेलो.

पुढच्या रविवारी कुणाला यायचं असेल तर इथेच सांगा. सकाळी साडेसहाला हडपसरहून निघू. मालकांनी चारपेक्षा जास्त गाड्या नकोत म्हटलंय. सायलेन्सर कंपनीचाच हवा, गोठा जवळ आहे. पूर्वेच्या बांधाला तूर उभी आहे, तिकडे वळायचं नाही.