अनवीकरणीय कचरा म्हणजे नेमका कुठला?

टिळकवाडीकर: कुठला देश शहराचा कचरा जाळून किती ऊर्जा वापरतो त्याचा तक्ता मराठीत करायलोय. एका रकान्याला 'अनवीकरणीय नागरी कचरा' लिहिलं तर घरातले हसायलेत, कचरा रोज नवीन येतोय की, तो अनवीकरणीय कसला म्हणून. दुसरा शब्द आहे काय?

निपाणीकर: 'अपारंपरिक' तेवढं लिहू नका, ते सौर-पवनला वापरतात, अर्थ पार उलटा होतोय. आणि 'उपभोग' पण नको, कचऱ्याचा उपभोग कोण घेतंय, सरळ वापर म्हणा.

खानापूरकर: कचरा रोज येतोय का ते बघायचं नसतंय हो, तो कशाचा झालाय ते बघायचं. भाजीची देठं, कागद, लाकूड, सुती चिंध्या हे झाडाझुडपातनं आलेलं, ते परत उगवतंय. प्लॅस्टिक, थर्माकोल, नायलॉन खनिज तेलातनं आलेलं, ते जळालं की गेलंच. पण भट्टीत सगळं एकदमच जळतंय ना, म्हणून युरोपच्या आकडेवारीत नेमकी वाटणी माहीत नसली की निम्मं-निम्मं धरतात.

टिळकवाडीकर: मग 'सुका कचरा' लिहू? आमच्या गल्लीत घंटागाडीवाला 'हसि कस, ओण कस' (कन्नडात ओला कचरा, सुका कचरा) असंच ओरडत येतोय.

खानापूरकर: पुठ्ठा पण सुकाच की, पण तो नवीकरणीयात जातोय.

शहापूरकर: विषय सोडून बोलतोय, पण कन्नडात कस म्हणजे कचरा आणि आपल्यात कस म्हणजे जोर, जमिनीचा कस म्हणतो तसा. दिल्लीत तिमारपूरला १९८७ साली डेन्मार्कच्या तंत्रानं कचऱ्यातनं वीज करायचा प्लँट उभारला आणि थोड्याच दिवसात बंद पडला, कारण आपला कचरा ओला, मातीमिश्रित, जळणार कसा. म्हणजे कसात कसच नव्हता! तिकडं कोपनहेगनात मात्र असल्याच प्लँटच्या छपरावर लोक स्कीइंग करतात. आमचा बेळगावचा जातोय तुरमुरीच्या कचरा डेपोला.

टिळकवाडीकर: 😄 'उष्मांक'च्या जागी 'जळणाचा कस' लिहीन मग. आणि रकान्याला 'खनिजजन्य कचरा' कसं वाटतंय?

निपाणीकर: खडी-माती, पाडलेल्या घराचा राडारोडा वाटंल वाचणाऱ्याला.

खानापूरकर: शब्द तुमचाच ठेवा, फक्त 'भाग' जोडा. वेगळा ढीग नसतोय तो, त्याच ढिगातला हिस्सा.

टिळकवाडीकर: 'नागरी कचरा: अनवीकरणीय भाग'. घरात वाचून दाखवलं, ह्या वेळी कोण हसलं नाही, फक्त आई म्हणाली प्लॅस्टिकचा म्हण की सरळ.