बजीची चोच: कापण्याआधी कारण शोधा

बजीची (पिंजऱ्यात पाळतात त्या छोट्या पोपटाची) वाढलेली चोच घरच्या नेलकटरने कापा, असं काही जण सुचवतात. कृपया नको. चोचीचं बाहेरचं आवरण नखांसारखं केराटिनचं असलं तरी आत हाड आणि रक्तवाहिन्या असतात. ३०-४० ग्रॅमच्या बजीला थोडासा रक्तस्रावही जड जातो. रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉवर दाबून धरा आणि डॉक्टरकडे न्या.

निरोगी बजीची चोच कुरतडून आपसूक झिजते. ती अचानक वाढू लागली, त्यात काळपट डाग दिसले, तर यकृताच्या आजाराचा संशय घ्यावा. बरेचदा मूळ कारण नुसत्या दाण्यांवर, त्यातही सूर्यफुलाच्या बियांवर पोसणं हेच असतं. राळं ठेवा, पण जोडीला शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, लाल भोपळा रोज द्या. 'अ' जीवनसत्त्व त्यातूनच मिळतं.

चोचीच्या कडेला मधाच्या पोळ्यासारखी भुरकट, सच्छिद्र खपली दिसली तर ते माइट्स, म्हणजे कातडीत शिरणारे सूक्ष्म परजीवी. त्यावर आयव्हरमेक्टिन हे औषध लागतं, पण मात्रा वजनावर ठरते. अंदाजाने थेंब टाकणं म्हणजे जिवाशी खेळ.

चोच झिजायला समुद्रफेन (कटलफिशचं पांढरं कवच) मऊ बाजू आत, पक्ष्याकडे करून पिंजऱ्याला अडकवा. बसायच्या प्लॅस्टिकच्या दांड्या काढून पेरूच्या, फवारणी न केलेल्या, सालीसकट फांद्या लावा.