खाडीच्या चिखलावर रुळांसाठी 3 मीटर भराव: एकदम टाकता येईल का?

खाडीकाठ: ठाणे खाडीलगत मालगाडीची साइडिंग आहे. वर 8 मीटर मऊ मरीन क्ले (खाडीचा चिखल), खाली वेदर्ड बेसाल्ट (झिजलेला काळा खडक). वेन शिअरमध्ये (मातीत पाती फिरवून ताकद मोजायची चाचणी) सीयू, म्हणजे पाणी निघायच्या आधीची चिखलाची ताकद, 10 केपीए (किलोपास्कल). मुरमाचा भराव 3 मीटर. कंत्राटदार म्हणतो, पावसाळ्याआधी उरकू. चालेल का?

चिखलदर्या: नाही. 5.14 (मऊ मातीच्या भारक्षमतेचा गुणक) गुणिले सीयू 10, भागिले मुरमाचं वजन 19 (घनमीटरला किलोन्यूटन), म्हणजे 2.7 मीटरलाच पाया सुटतो. सुरक्षा गुणांक 1.3 धरलात तर 2 मीटरवर थांबायचं. तेवढ्या भाराखाली 70 टक्के कन्सॉलिडेशन (पाणी पिळून निघून चिखल घट्ट होणं) झालं की सीयू साधारण 6 केपीएने वाढावा. पण कागदावर विसंबू नका, पुन्हा वेन लावा आणि मगच पुढचा थर.

आता वेळेचं. सीव्ही (उभ्या दिशेने कन्सॉलिडेशन होण्याचा वेग) वर्षाला 1 चौ. मी. आणि निचरा फक्त वरून असेल तर 90 टक्के कन्सॉलिडेशनला पन्नासहून जास्त वर्षं! म्हणून पीव्हीडी, म्हणजे पाणी काढायला चिखलात उभ्या घातलेल्या तयार निचरा-पट्ट्या. 1.2 मीटर अंतरावर त्रिकोणी मांडणी, सीएच (तोच वेग, पण आडव्या दिशेने) 2 धरला तर सहा महिने. मॅन्ड्रेलने (पट्टी आत ढकलणारी पोलादी नळी) माती घुसळली जाते ते धरलं तर दहा-अकरा. हंगामाचा हिशोब तिथेच संपतो.

शिवाय कॉम्प्रेशन रेशो (भाराखाली चिखल किती दबतो त्याचं माप) 0.3 धरला तर बैठक, म्हणजे जमीन खाली बसणं, 1.4 मीटरच्या आसपास. म्हणजे 3 मीटर उंची मिळवायला साडेचार मीटर मुरूम, आणि त्या जादा मुरमाचाही भार.

रूळजोड: पीव्हीडीवरचा वाळूचा थर जाड ठेवा, खाली जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड). वरची वाळलेली पापुद्री खरवडू नका, मशीन तिच्यावरच उभं राहतं. निचऱ्याची तोंडं उधाणाच्या पाण्यात बुडाली की पाणी उलटं आत येतं, हे कुणी बघत नाही. पायथ्याशी खुंट्या ठोका. त्या बाहेर सरकू लागल्या तर डंपर त्याच दिवशी थांबवा. तिवरं तोडावी लागणार असतील तर आधी उच्च न्यायालयाची परवानगी.

खाडीकाठ: आणि बैठक राहिली तर गिट्टी वाढवून भागवू?

चिखलदर्या: तेच करत गेल्याने गिट्टीचे खड्डे होतात. पावसात पाणी त्यात साचतं, चाकाखाली चिखल वर येतो, गिट्टी पुन्हा खचते. ब्लँकेट थर (गिट्टीखालचा चाळलेल्या खडीचा थर) आणि त्याचा 1:30 आडवा उतार चिखल अडवायला आहेत, खालची बैठक थांबवायला नाहीत.

रूळजोड: मोरीच्या पाइल्सना (जमिनीत खोल गेलेल्या पायाच्या खांबांना) हे जास्त बाधेल. भराव बसताना पाइलला खाली ओढतो, बाजूने ढकलतोही. तिथे भराव आधी बसवून घ्या, पाइल नंतर.