कानाची चक्कर गेली, तरी मंडईत जमीन हलते. हे मनाचं दुखणं का?

शेवंती_५: प्रश्न जाऊबाईंसाठी विचारतेय, वय ५२. सात आठवड्यांपूर्वी पहाटे अचानक घर गरगरायला लागलं, उलट्या झाल्या, तीन दिवस अंथरुणातून उठता येईना. ऐकू नीट येत होतं. निदान डाव्या कानाचा व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस (तोलाच्या नसेला सूज), एमआरआय स्वच्छ. आता गरगरत नाही, पण मंडईत किंवा मॉलमध्ये तरंगल्यासारखं होतं, दुधाचा हिशेब चुकतो, एकट्याने बाहेर पडायची धास्ती वाटते. घरचे म्हणतात, मनाचे खेळ. प्रोक्लोरपेराझिन (चक्कर-उलटीची गोळी) अजून दिवसातून तीनदा चालू आहे. यूट्यूबवर बघून एप्ली (डोकं ठरावीक क्रमाने वळवायची क्रिया) करावी का?

तोल_फिजिओ: एप्लीचा इथे उपयोग नाही. ती कानातले कॅल्शियम कार्बोनेटचे कण अर्धवर्तुळाकार नळीत घरंगळले असतील तर करतात. त्यात कुशीवर वळलं किंवा दोरीवर कपडे टाकायला मान वर केली की चक्कर येते आणि बहुधा मिनिटभरात थांबते. इथे इजा नसेला झाली आहे. डोकं कितीही फिरवलं तरी नस त्याने सुधारत नाही. मात्र न्यूरायटिसनंतर काही जणांचे कणही सुटतात. वळताना गरगरत असेल, तर आधी डिक्स-हॉलपाइक चाचणी (डोकं वळवून झटकन आडवं करतात आणि डोळ्यांची हालचाल बघतात) करून घ्या. कोणत्या कानाची कोणती नळी हे कळल्याशिवाय एप्ली करणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

आता गोळीचं. डोकं स्थिर असतानाही दोन्ही कानांच्या नसा मेंदूकडे सतत संदेश पाठवत असतात. डावी गप्प झाली की मेंदूला वाटतं, डोकं उजवीकडे फिरतंय. ही तफावत जाणवत राहिली तरच मेंदू हिशेब नव्याने मांडतो. प्रोक्लोरपेराझिन ती जाणीवच दाबतं. पहिले दोन-तीन दिवस उलट्या थांबवायला ठीक, पण सात आठवडे म्हणजे फार झालं. हात थरथरणं, हालचाली मंदावणं हेही त्यातून होऊ शकतं. डॉक्टरांना विचारून ती कशी बंद करायची ते ठरवा.

व्यायाम असा: अंगठा हातभर अंतरावर, डोळ्यांसमोर धरायचा. नजर नखावर ठेवून डोकं डावी-उजवीकडे साधारण २०-३० अंश हलवायचं. नख धूसर दिसू लागेल त्याच्या किंचित आतला वेग ठेवायचा. एक मिनिट, मग वर-खाली एक मिनिट, दिवसातून तीनदा. आधी बसून, जमलं की उभं राहून, मग चालताना.

शेवंती_५: डोकं हलवलं की त्यांना उलट जास्त चक्कर येते. मग थांबवायचं?

तोल_फिजिओ: थोडी यायलाच हवी. चक्करीला ० ते १० गुण द्यायला सांगा. दोन-तीन गुणांनी वाढून पंधरा-वीस मिनिटांत ओसरली तर चालू ठेवा. तासभर टिकली तर वेग कमी करा, व्यायाम सोडू नका.

कानोसा: ‘मनाचे खेळ’ म्हणणाऱ्यांसाठी दोन शब्द. कान बेभरवशाचा झाला की मेंदू तोलासाठी डोळ्यांवर भिस्त ठेवतो. मंडईत माणसं, हातगाड्या, लटकलेल्या पिशव्या सगळं एकदम हलतं आणि डोळ्यांना वाटतं आपणच हललो. एरवी आपोआप होणारं चालणं लक्ष देऊन करावं लागतं, मग हिशेबाला लक्ष उरणार कुठून? भीतीचंही तसंच: तोलाचे आणि धास्तीचे मार्ग मेंदूच्या देठात एकमेकांना जोडलेले आहेत. म्हणून आधी छाती धडधडते, कारण नंतर सुचतं. दुखणं खरं आहे आणि ते मनापर्यंत पोचलंय, दोन्ही एकदमच.

सगळ्यात नडतं ते टाळणं. भिंत धरून, मान ताठ ठेवून चालणाऱ्याच्या मेंदूला शिकायला काही मिळतच नाही. मंडईत आधी गर्दी नसताना दहा मिनिटं, सोबतीने; पण हात न धरता. मग वेळ आणि गर्दी वाढवत न्या. हे तीन महिन्यांहून जास्त, बहुतेक दिवस राहिलं, तर पीपीपीडी (महिनोन्‌महिने टिकून राहणारी, तरंगल्यासारखी चक्कर) आहे का ते तपासून घ्या. चक्करीच्या विकारांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या बारानी सोसायटीने २०१७ मध्ये त्याचे निकष ठरवले. त्यावर व्यायामासोबत वर्तनोपचार आणि काही वेळा एसएसआरआय गटातली (एरवी नैराश्य-चिंतेवर देतात ती) औषधं देतात.

तोल_फिजिओ: एक राहिलं. अचानक ऐकू येईनासं झालं, एकाचे दोन दिसू लागले, जीभ जड झाली, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा जोर गेला किंवा आधाराशिवाय उभंच राहता येईना, तर व्यायाम वगैरे काही नाही, तडक हॉस्पिटल.

आणि डोकं धुताना स्टुलावर बसायला सांगा. साबणाने डोळे मिटलेले, पायाखाली ओली फरशी, कान आधीच अधू. तोल सांभाळायला तिथे काहीच उरत नाही.